दुपारी तीनचं दुकान

दिवाळीत ऊन कुणालाच आठवत नाही, म्हणून मी मुद्दाम आठवण करून देणार आहे. हातात चिवड्याची वाटी, अंगावर सकाळचा गारवा, आणि वाचायचं काय तर अकोल्याचा मे महिना! शिक्षाच आहे, मान्य. पण माझा सगळा जन्म त्या एका महिन्याशी भांडण्यात गेला, त्याला मी काय करू? मी आर्किटेक्ट. अमरावतीला राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या डोक्यावर माझं ऑफिस आहे. खाली पोरं रसायनशास्त्राची सूत्रं घोकत असतात आणि वर मी खिडकी कुठे ठेवायची यावरून लोकांशी वाद घालत असते. साठी उलटली, तरी वाद काही संपले नाहीत.

लोकांना वाटतं, आर्किटेक्ट म्हणजे बंगल्याचा दर्शनी भाग रंगवून देणारी बाई. गिऱ्हाईक येतं, मोबाइल पुढे करतं. त्यात कुठल्या तरी वाळवंटातल्या शहराची निळ्या काचेची इमारत असते. "मॅडम, सेम टू सेम पायजे." अहो, त्याच वाळवंटातल्या जुन्या लोकांनी काय केलं होतं ते तरी पाहा. गल्ल्या इतक्या अरुंद ठेवल्या, की ह्या घराची सावली त्या घरावर पडावी. काचा फार नंतर आल्या, वीज आणि एसी हाताशी आल्यावर. आमचं वऱ्हाड वाळवंट नाही, काळ्या मातीचा मुलूख आहे. पण होळी झाली की मृगापर्यंत इथली हवा वाळवंटाइतकीच कोरडी असते आणि ऊनही तेवढंच. फरक इतकाच, की पुढे पाऊस येतो आणि लोक ऊन विसरतात. विसरलेल्या लोकांना नकाशा दाखवायचा म्हणजे माझी परीक्षाच.

धंद्यातली एकच गोष्ट सांगते, बाकी सोडून द्या. दुपारी बाराचं ऊन डोक्यावर असतं, त्याला छज्जा पुरतो. खरा शत्रू पश्चिमेचा. तीन-चारचं ऊन तिरपं येतं, छज्ज्याखालून सरळ आत घुसतं, भिंत तापवतं, आणि ती भिंत रात्री उशिरापर्यंत ती आग घरात ओतत राहते. म्हणून प्लॉटवर गेले की मी आधी पश्चिम विचारते. गिऱ्हाईक ईशान्य विचारतं. तिथूनच आमचं वाजायला लागतं.

तर अकोल्याचे प्रमोदभाऊ. बाजारात त्यांचा वडिलोपार्जित प्लॉट, त्यावर पत्र्याच्या दुकानांची एक रांग, सगळे जुने भाडेकरू. ती रांग पाडून त्यांना मोठी इमारत उभारायची होती. खाली दुकानं, मध्ये दवाखाने आणि ऑफिसं, वर फ्लॅट. सरकारी भाषेत याला मिश्र वापर म्हणतात. आपल्याकडे खाली दुकान वर मकान ही जुनीच रीत. ठरलं असं, की प्रत्येक भाडेकरूला नव्या इमारतीत एक गाळा द्यायचा. कुणाला कोणता, ते भाऊंनी माझ्याकडे येण्याआधीच ठरवून टाकलं होतं. रस्त्यावरचे गाळे मोठ्या गिऱ्हाइकांना, मागचे जुन्या लोकांना.

मी मोजमाप घ्यायला गेले तेव्हा एप्रिल होता. पत्र्याच्या रांगेत शेवटचं दुकान सुनंदाताईंचं होतं. ब्लाऊज शिवणाऱ्या. तीन मशिनी, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, पत्र्यावर ओली पोती टाकलेली, आणि ताई डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन मशीन चालवत होत्या. पन्नाशीच्या असतील. मी टेप लावत होते, त्यांनी मान वर न करता विचारलं, "मॅडम, मले कोणता गाळा देणार हायेत?"

"मागचा. पश्चिमेकडे तोंड असलेला."

"म्हंजे मेली मी," त्या म्हणाल्या आणि दातानं दोरा तोडला.

मग त्यांनी सगळं सांगितलं. आदल्या वर्षी मे महिन्यात, दुपारी तीनच्या सुमाराला, त्या मशीनवरच कोसळल्या होत्या. चार दिवस सलाइन. डॉक्टरनं ठणकावून सांगितलं, की दुपारचं ह्या गरमीत बसणं बंद, पुन्हा असं झालं तर भरवसा नाही. "म्हणे, सोसत नसन तर मशिनी इकून टाक. सांगाले काय जाते? मॅडम, लग्नं कवा असतात जी? उनायात! चौदा एप्रिल आली का पांढऱ्या साड्यांवरचे ब्लाऊज, मंग लग्नसराई. माह्या वर्षाची भाकर ह्याच दोन महिन्यांत हाये. ब्लाऊज काय मी दिवायीत शिवू?"

आमच्या वऱ्हाडात 'ळ'चा 'य' होतो, तेव्हा उनाया म्हणजे उन्हाळा आणि दिवायी म्हणजे हीच दिवाळी. मी तिथं उभी होते, घाम पाठीवरून ओघळत होता, आणि मला काय झालं कोण जाणे. जीभ सुटली. म्हणाले, "ताई, नव्या दुकानात मे महिन्यात दुपारी तीन वाजता तुम्ही मशीनवर बसाल आणि तुम्हाला काही होणार नाही. माझा शब्द."

"लिहून देता?"

"नकाशातच लिहून देते."

असा शब्द आर्किटेक्टनं देऊ नये. नकाशा आपल्या हातात असतो, इमारत नसते. पण देऊन बसले.

प्रमोदभाऊंच्या डोक्यात एकच लांबलचक ठोकळा होता. पुढे काच, मागे मोकळं फरसबंद पटांगण, त्यात कारंजं. त्या पटांगणाकडे, पश्चिमेला, ताईंचा गाळा. दुपारचं सगळं ऊन ताईंच्या तोंडावर! मी ठोकळा उभा चिरला. दोन इमारती केल्या, एक पूर्वेला, एक पश्चिमेला, आणि मध्ये उत्तर-दक्षिण धावणारी बारा फुटांची गल्ली. गाड्या आणि अग्निशमनाचा बंब चारही बाजूंनी बाहेरून फिरतील. ताईंचा गाळा पूर्वेच्या इमारतीत, तोंड गल्लीकडे. दुपारी एकनंतर पश्चिमेच्या इमारतीची सावली गल्लीत, आणि गल्लीतल्या सगळ्या गाळ्यांवर.

भाऊंनी नकाशा पाहिला आणि उडालेच. "भर बाजारात बोय? मॅडम, लोक म्हणतीन प्रमोद भाऊनं एवढ्या मोठ्या प्लॉटवर बोय काढली!"

बोळ या शब्दाचा त्यांना इतका राग, की पुढचं ऐकेनात. सांगून उपयोग नव्हता. मी म्हटलं, ठीक आहे, मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी दोन वाजता प्लॉटवर या, चहा पाजते. आणि मी सकाळपासूनच तिथं जाऊन बसले. ही माझी जुनी सवय आहे. प्लॉटवर एक अख्खा दिवस खुर्ची टाकून बसायचं. सोबत रफिक मिस्त्री होते, माझ्या बऱ्याच इमारती त्यांच्याच हातच्या. पाया खणण्याआधी जमिनीवर पांढरी फक्की टाकून भिंतींच्या रेषा आखतात, ती फक्की घेऊन आम्ही शेजारच्या जुन्या सरकीच्या गोदामाची सावली दर तासाला आखत होतो. मिस्त्री हसायला लागले. "मॅडम, जिंदगीभर दीवार की लाइन डाली, छाँव की पैली बार डाल रहा."

भाऊ आले. मी त्यांना पटांगणाच्या जागी, उघड्यावर, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. छत्रीसुद्धा दिली, मी काही दुष्ट नाही. दोन मिनिटांत ते उठले. "अरे बापा! खुर्ची हाये का तवा?" मग त्यांना गोदाम आणि कंपाउंडची भिंत यांच्या मधल्या सांदीत नेलं. तशीच उत्तर-दक्षिण, तशीच अरुंद. तिथं दुसरी खुर्ची ठेवली होती. भाऊ बसले. चहा आला, प्याले. एक फोन केला, दुसरा केला. अर्धा तास झाला तरी उठेनात. शहाण्या बाईनं अशा वेळी गप्प बसावं. शेवटी स्वतःच म्हणाले, "काढा तुमची बोय. फक्त तिले बोय म्हणू नका. बोर्डावर मार्केट स्ट्रीट लिहा."

नावात काय आहे म्हणून मी हसले. तेव्हा हसले, पुढे हसू आलं नाही.

इमारत झाली. काच नाही, पण चुन्याचा पांढरा हात, गच्चीवर फुटक्या चिनीमातीचे पांढरे तुकडे, खोल गॅलऱ्या. गल्लीच्या दोन्ही टोकांना कडुनिंब लावला. आणि ताईंच्या शब्दासाठी मी आणखी एक गोष्ट केली होती, तिचा मला फार अभिमान होता. पूर्वेच्या इमारतीत गाळ्यांच्या पाठीमागे तळापासून गच्चीच्या वरपर्यंत एक उभी पोकळी ठेवली. वरचं टोक पत्र्याचं, काळं रंगवलेलं. पत्रा तापला की आतली हवा हलकी होऊन वर पळते आणि तिच्या जागी गाळ्यातली गरम हवा मागच्या खिडकीतून ओढली जाते. गल्लीची सावलीतली हवा समोरून आत, तापलेली मागून बाहेर. वीज लागत नाही, आवाज नाही. गल्लीत ताईंनी साधा कूलर लावला, की वाळ्याचा वास घेत खुशाल शिवत बसावं.

ह्या पोकळीला नकाशावर काही तरी नाव द्यावं लागतं. नावाशिवाय मंजुरी नाही. मी सवयीनं लिहिलं, 'डक्ट'.

नव्या इमारतीतला पहिला मे महिना आला. मी अमरावतीत दुसऱ्याच कामात अडकले होते. एक दिवस ताईंचा फोन. आवाज बारीक. "मॅडम, एक चक्कर मारा. मी दुपारचं दुकान बंद करून राहिली." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेले. गल्लीत सावली होती, ठरल्याप्रमाणे. गाळ्यात पाय ठेवला आणि माझा जीव गुदमरला. हवा हलत नव्हती. दमट, चिकट, कुजका वास. मागची खिडकी ताईंनी फडकं कोंबून बंद केलेली. ते फडकं काढून मी वर पाहिलं आणि डोक्याला हात लावला. माझ्या त्या पोकळीत प्रत्येक मजल्याच्या खिडकीला एकेक कूलर टांगलेला! सावली आहे, कुणाला दिसत नाही, डक्टच तर आहे. मग खालच्या कूलरची ओली हवा वरचा कूलर ओढणार आणि ओल्या हवेनं कूलर गार करत नाही, हे वऱ्हाडातलं शेंबडं पोरही जाणतं. कूलरसोबत वाढलेली मी, आणि कूलर कुठे टांगतील याचा नकाशात विचारच केला नव्हता. तळाशी दुधाच्या पिशव्या, भाज्यांची देठं, एक चप्पल. आणि सगळ्यात वर आभाळ दिसायला हवं तिथं पक्कं पत्र्याचं झाकण.

झाकण बसवणारे वरच्या मजल्यावरचे इंगळे सर. निवृत्त मुख्याध्यापक, अतिशय टापटिपीचा माणूस. संध्याकाळी मी सगळ्यांना गल्लीत जमवलं आणि हवेचा दाब, तापमान, वायुवीजन असं अर्धा तास समजावलं. लोक ऐकत होते, म्हणजे जांभया देत होते. इंगळे सर हात वर करून उठले.

"मॅडम, वास येत होता, कबुतरं येत होती, म्हणून आमी वर्गणी करून झाकण बसवलं. आमचं काय चुकलं?"

"पण सर, ती हवेची जागा होती."

सर शांतपणे घरात गेले आणि मंजूर नकाशाची प्रत घेऊन आले. चष्मा लावून बोट ठेवलं. "हे पाहा. तुमच्याच ऑफिसचं अक्षर. डक्ट. आता डक्टमधी पाइप, कूलर, कचरा नाही जाणार तर काय जाणार? माह्या पुण्याच्या पोराच्या बिल्डिंगीतही डक्टमधी तेच जाते."

चूक माझीच होती. सगळ्या शहरात डक्ट म्हणजे इमारतीची पाठ, घाण दिसू नये म्हणून ठेवलेली जागा. त्याच शब्दानं मी ताईंच्या श्वासाची वाट नकाशावर लिहिली होती. लाज वाटली, खरंच वाटली. चार लोकांत मान खाली घालून उभी राहिले.

तेव्हा मागून सुनंदाताई बोलल्या. "सर, एक इचारू का? तुमच्या मायच्या घरी चूल होती?"

"होती ना."

"चुलीवर धुराडं होतं?"

"होतं."

"धुराड्यावर कोनी झाकण ठेवते का जी? त्याच्यात कोनी कचरा टाकते का?" त्यांनी माझ्या पोकळीकडे हात केला. "हे माह्या दुकानाचं धुराडं हाये. ते बंद झालं तं धूर कुठी जाईन? माह्या आंगात. मी मागच्या दुकानात एकदा पडली, आता पुन्हा पडली तं उठणार नाही."

इंगळे सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "हे आधी कोनी सांगितलंच नाही बाप्पा." दुसऱ्या दिवशी सकाळी सर स्वतः मिस्त्रींना घेऊन गच्चीवर गेले आणि झाकण काढून आले. कबुतरांसाठी जाळी बसवली. कूलरसाठी मी पूर्वेच्या गॅलरीत लोखंडी स्टँड करून दिले, तिथली हवा कोरडी आणि दुपारी सावली. सांडणारं पाणी नळीनं कडुनिंबाला. प्रत्येक मजल्यावर त्या पोकळीच्या खिडकीपाशी पेंटरकडून लिहून घेतलं, 'धुराडं. झाकू नये.' तेव्हापासून माझ्या सगळ्या नकाशांवर हाच शब्द असतो. मंजुरीला गेलं की टेबलावरचा माणूस विचारतो, मॅडम हे काय नवीन? मी म्हणते, नवीन नाही हो, जुनंच आहे.

पण ताईंची ती लग्नसराई गेली ती गेलीच. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास शिवून काय होणार? गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. हिवाळ्यात भेटले तर म्हणाल्या, धामणगावचा एक माणूस तिन्ही मशिनी घ्यायला तयार आहे. "त्याले म्हटलं, ह्या मे महिन्यात पाहू. जमलं तं जमलं. नाही तं घेऊन जा. तुमच्यावर राग नाही मॅडम, पण माह्यानं आता होत नाही."

राग नाही म्हणाल्या, ते मला फार लागलं. त्या उन्हाळ्यात मी फोन केला नाही. धीरच होत नव्हता. एप्रिल गेला, मे अर्धा गेला. आमच्याकडे त्या दिवसांत कधी तरी भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. अशाच एका दिवशी उठले आणि न कळवता अकोल्याला गेले. स्टेशनवरून रिक्षावाला यायला तयार होईना. "काहून जी, एवढ्या उन्हात कोण दुकान उघडं ठेवते?" म्हणाला. खरंच होतं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. दुकानांची शटरं अर्धी खाली.

गल्लीत शिरले आणि मशीनचा आवाज आला.

ताई बसल्या होत्या. डोक्यावर दुपट्टा नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मानेनं स्टूल दाखवलं आणि पाय चालूच ठेवला. मी बसले. मागच्या खिडकीच्या गजाला त्यांनी साडीच्या काठाची एक चिंधी बांधली होती आणि ती बाहेरच्या बाजूला, धुराड्याकडे, सारखी फडफडत होती. "हे कशाला?" मी विचारलं.

"हवा जाऊन राहिली का नाही ते दिसते मले. बंद झाली का वर जाऊन इंगळे सरले आवाज देतो."

"तब्येत?"

"काय धाड भरली तब्येतीले?"

मग मी भीत भीत विचारलं, "आणि तो धामणगावचा माणूस?"

ताईंनी कापड फिरवलं, दुसऱ्या बाजूनं टीप घालायला घेतली. "आला होता गेल्या आठवड्यात. अर्धा तास बसला इथंच, तुम्ही बसल्या तिथं. पानी पिला. मंग बायकोचे दोन ब्लाऊज टाकून गेला."

मी हसायला लागले आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत बंगले बांधले, कॉम्प्लेक्स बांधले, कुठे कुठे सत्कार झाले, शाली मिळाल्या. त्या शाली ट्रंकेत आहेत. काय बोलावं ते मला सुचत होतं आणि मी तोंड उघडणार, तेवढ्यात दारात एक बाई आणि तिची पोरगी येऊन उभ्या राहिल्या. पोरीच्या हातात पिशवी, पिशवीतून नव्या साडीचा काठ डोकावत होता. लग्न घरातलंच दिसत होतं. दोघींचे चेहरे उन्हानं लाल झाले होते, पण गल्लीत आल्यावर त्यांनी तोंडावरचे स्कार्फ सोडले होते.

ताईंनी मशीन थांबवली, गळ्यातली टेप काढली आणि मला म्हणाल्या, "मॅडम, उठा बरं जरा. गिऱ्हाईक आलं."

मी उठले. बाहेर गल्लीत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. भिंत गार होती. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि आत ताई पोरीच्या दंडाचं माप घेत होत्या.